अभ्यासाची वेळ घराने राखावी

परीक्षा जवळ आल्या की आपण मुलांना बजावतो, 'मन लावून अभ्यास करा.' पण दार वाजले की उठायचे त्यांनीच, दुकानात धावायचे त्यांनीच! नायगावच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत अनेक पिढ्या अशाच शिकल्या.

विद्यार्थीदशेत बाबासाहेबांचे घरही परळ भागातील चाळीत, एका खोलीचे. वडील सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता, सारे सामसूम असताना, अभ्यासाला उठवीत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. खोली वाढली नव्हती. वडिलांनी तिच्यातली शांत वेळ शोधली होती.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, रोजचे दोन तास ठरवा. त्या वेळात टीव्ही बंद, मोबाइल आईकडे. पाहुण्यांचा चहा मोठ्यांनी करावा. पाणी, भांडी मुलीच्याच माथी मारू नका. मुलालाही वाटा द्या. तरीही मध्येच उठावे लागले, तर मुलांनी कुठवर झाले ते वहीत एका ओळीत लिहून उठावे. परत बसल्यावर धागा लगेच सापडतो.

'शिका' हा आदेश मुलांइतकाच घरालाही आहे. जय भीम!