फूल खाली पाहतंय की वर?

दोस्तांनो, पावसाळा सरत आला की माळावर, बांधावर, अगदी शाळेच्या कुंपणाशीही फिकट निळी, इवलीशी फुलं दिसू लागतात. “बाई, हे कसलं फूल?” असं माझ्या चौथीच्या वर्गातल्या कुणी विचारलं, की मी म्हणते, “आधी पानावरून हळूच बोट फिरव.” पान खरखरीत लागलं तर ते झाड भोकर कुलातलं असू शकतं. (खरखरीत पानं इतरही झाडांना असतात, बरं का! पण सुरुवात तिथून करायची.)

आता फुलाकडे बघा. ते मान खाली घालून बसलंय? मग तो बहुधा छोटा कल्पा. त्याला नीट पाहायचं तर गुडघे टेकून खालून पाहावं लागतं. पाच पाकळ्या, त्यांची टोकं पिळलेली आणि मधोमध परागकोशांचा टोकदार सुळका! हे परागकोश केसांनी एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव ट्रायकोडेस्मा. ग्रीक भाषेत याचा अर्थ केसांचं बंधन.

पण थांबा! त्याचा एक उंच भाऊ आहे, ट्रायकोडेस्मा झेलॅनिकम. त्याचंही फूल निळं, तेही खालीच पाहणारं. इथे मोठी माणसंसुद्धा फसतात. म्हणून फूल उलटं करून पाठीमागची हिरवी निदलं पाहा. छोट्या कल्पाच्या प्रत्येक निदलाच्या बुडाशी मागे वळलेले दोन टोकदार कान असतात, बाणाच्या पात्यासारखे. उंच भावाला हे कान नसतात. मला तर ही खूण सगळ्यांत आवडते. भिंग असलं तर उत्तम, नसलं तरी दिसते.

निसुर्डी सह्याद्रीतली. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ती भेटते. तिचं फूल मान खाली घालत नाही. मध्ये निळं, कडेला पांढरट. बुडाशी लांब देठाची मोठी पानं असतात. आणि फळं? त्यांना बारीक आकडे असतात, ती तुमच्या मोज्यांना चिकटून घरापर्यंत येतात! आई रागावते ते यांच्यामुळेच. छोट्या कल्पाच्या बियांना असे आकडे नसतात.

तळ्याकाठी, पडीक जागी उगवणारी भुरुंडी तर लांबूनही कळते. तिचा तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो आणि त्यावर चिमुकल्या फुलांच्या दोन ओळी असतात. फुलं बुडाकडून उमलत जातात, तशी सोंड उलगडत जाते. (आता काही शास्त्रज्ञ भुरुंडीला वेगळ्या कुलात घालतात.)

एक गोष्ट मात्र घरी आईबाबांनाही वाचून दाखवा. यांतली कुठलीही वनस्पती चाखायची नाही, कुणी औषध म्हणून सांगितलं तरी स्वतःच्या मनानं काढा करायचा नाही. भुरुंडीत यकृताला मारक अशी द्रव्यं असतात. अफगाणिस्तानात 1970च्या दशकात भुरुंडीच्याच एका जातभाईचं बी गव्हात मिसळलं गेलं. त्या गव्हाच्या रोट्या खाऊन गावंच्या गावं यकृताच्या आजारानं पडली, कित्येक माणसं दगावली. शेतातलं तण ओळखता येणं किती महत्त्वाचं, पाहिलंत ना?

गंमत म्हणजे हेच विष ब्लू टायगर फुलपाखरांना हवं असतं. त्यांचे नर ते शोषून घेतात आणि त्यापासून मादीला बोलावणारा गंध तयार करतात. वाळलेली भुरुंडी दिसली तर जरा लांब उभं राहून दहा मिनिटं वाट पाहा. किती फुलपाखरं आली, ते वहीत लिहून ठेवा.