पाच शतांश मिलिमीटर आणि भोर घाट

एक लिटर पाणी घ्या आणि लोणावळ्याच्या पठारावरून खाली खोपोलीला सोडा. पाचशे मीटर उतरताना ते किती ऊर्जा देईल? सुमारे ४,९०० ज्यूल. घर्षण सोडून दिलं, तर तळाशी त्याची धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडते. याच हिशोबावर १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पावसावरची वीज मिळू लागली. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र १९२२ मध्ये आलं. खोपोलीचा खालापूर आणि कर्जत, दोन्ही तालुक्यांना पडत्या पाण्याची ताकद शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आता तेच एक लिटर पाणी फक्त १० अंशांनी तापवा. त्याला ४१,८०० ज्यूल लागतात. अख्खा घाट उतरून पाणी जेवढी ऊर्जा देतं, तिच्या साडेआठ पट ऊर्जा ते दहा अंश तापताना पोटात घेतं. हे दोन्ही आकडे आपण शाळेत शिकतो, पण एकमेकांशेजारी ठेवून पाहत नाही. मला पाण्याचा हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा थोर वाटतो. कारण आज याच भोर घाटातून रेल्वेगाडी वर जाते ती इंजिनाच्या ताकदीवर जेवढी, तेवढीच त्या इंजिनाच्या पोटातली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवावर.

आधी घाटाचा आकडा पाहू. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत २८ किलोमीटर लोहमार्ग आणि साधारण ५६० मीटरची चढण. सर्वांत कठीण भागात दर ३७ मीटरला एक मीटर चढ. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटापुढे थांबली. पुढची सात वर्षं प्रवासी पालखीतून, घोड्यावरून खंडाळ्याला चढत. त्या सात वर्षांत सह्याद्री फोडून २५ बोगदे खणले गेले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर या कामावर होते. त्यांच्या हातांचं मोल कुठल्याच तक्त्यात नीट मांडलेलं नाही, आणि त्याची खंत वाटते.

या चढावर दीड हजार टन वजन न्यायचं आहे असं समजा: चोवीस डब्यांची भरलेली गाडी, पुढचं इंजिन आणि मागून ढकलणारे बँकर. एवढं वजन ५६० मीटर उचलायला सव्वाआठ अब्ज ज्यूल लागतात. वीजबिलाच्या भाषेत जवळजवळ २,३०० युनिट. रुळांचं घर्षण, वळणं आणि वाऱ्याचा विरोध यात धरलेला नाही. हे सगळं तासाभराच्या आत.

१९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर वीज आली, तेव्हा मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड-इंग्लंडमध्ये बांधलेली लांब नाकाची इंजिनं आणली. रेल्वेतल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. वजन सुमारे १२५ टन, ताकद सुमारे २,६०० अश्वशक्ती. आजचं डब्ल्यूएजी-९ हे मालवाहू इंजिन १२३ टनांचं आहे आणि त्याची ताकद ६,१२० अश्वशक्ती, म्हणजे साधारण ४,५०० किलोवॉट. वजन तेवढंच, ताकद दुपटीहून अधिक. लोखंड वाढलं नाही. वाढला तो सिलिकॉनचा वाटा.

तारेतली २५,००० व्होल्टची वीज इंजिनात उतरते, ट्रान्सफॉर्मरमधून कन्व्हर्टरकडे जाते, तिथे २,८०० व्होल्टच्या एकदिश विजेत बदलते आणि पुन्हा तुकडे होऊन, गाडीच्या वेगाला हवी तशी थ्री-फेज वीज बनून सहा मोटरींना मिळते. ही तोडजोड करतात ते अर्धवाहकाचे स्विच. सुरुवातीच्या इंजिनांत जीटीओ थायरिस्टर होते, आता आयजीबीटी असतात. आयजीबीटी घडवण्यात बी. जयंत बालिगा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना १९८० च्या आसपास त्यांनी ते काम केलं. असा स्विच सेकंदाला पाचशे वेळा उघडझाप करतो असं धरलं, तर पन्नास मिनिटांच्या घाटात पंधरा लाख वेळा. प्रत्येक वेळी किंचित ऊर्जा उष्णता होऊन सांडते.

किंचित म्हणजे किती? शंभरातले दोन भाग धरू. ४,५०० किलोवॉटचे दोन टक्के म्हणजे ९० किलोवॉट. ही उष्णता पसरलेली नसते, हेच सगळ्या दुखण्याचं मूळ. ती जन्मते या स्विचांच्या जेमतेम सव्वा सेंटिमीटर बाजूच्या चिपांमध्ये, आणि पूर्ण भारावर दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॉटच्या घरात पोहोचते. हजार वॉटची कपड्यांची इस्त्री तिच्या तळाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून पाचेक वॉट देते. चिपेचा आकडा तिच्या वीस पट. वैशाखातलं भर दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला ०.१ वॉट असतं, म्हणजे चिपेवर हजार सूर्य. अणुभट्टीत पाण्याने वेढलेल्या इंधनकांडीच्या पृष्ठभागावर सरासरी साठेक वॉट असतात. तेही कमीच. सूर्याचा पृष्ठभाग दर चौरस सेंटिमीटरला ६,३०० वॉट फेकतो आणि तिथे साडेपाच हजार अंश तापमान आहे. आपली चिप त्याच्या साठाव्या भागाएवढा मारा सोसते आणि तिला सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे जायची परवानगी नाही. बाहेर कर्जतचा एप्रिल चाळिशी ओलांडतो, मशीन रूम त्याहून गरम असते, आणि थंड करायला येणारा द्रवही बऱ्यापैकी कोमट असतो. चिपेपासून द्रवापर्यंत खर्च करायला हाती उरतात साठ-सत्तर अंश.

या साठ-सत्तर अंशांची वाटणी कशी होते ते पाहा. चिपेखाली डाख, त्याखाली वीज अडवणारी पण उष्णता सोडणारी सिरॅमिकची पातळ चकती, मग मॉड्यूलचा, म्हणजे चिपा बसवलेल्या डबीचा, धातूचा तळ, मग ग्रीसचा थर, मग कोल्ड प्लेट आणि तिच्या आत कोरलेल्या वाटांमधून धावणारा द्रव. कोल्ड प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची जाड पाटी. बाहेरून तिच्यात पाहण्यासारखं काही नसतं, पण या साखळीत सगळ्यात जास्त घात होतो तो तिच्या आणि मॉड्यूलच्या मधल्या जागेत.

मॉड्यूलचा तळ १९ बाय १४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ २६६ चौरस सेंटिमीटर. त्यातून अडीच हजार वॉट बाहेर पडतात असं धरू. तळ आणि पाटी यांच्यामध्ये फक्त ०.०५ मिलिमीटर, पाच शतांश मिलिमीटर, हवेची फट राहिली तर? तेवढ्या फटीतून तेवढी उष्णता ढकलायला १८० अंशांचा फरक लागेल. हातात साठ-सत्तर आहेत. मॉड्यूल जळून जाईल. त्याच फटीत उष्णतावाहक ग्रीस भरलं तर फरक पाच अंशांच्या आत येतो. १८० आणि ५, मधे फक्त ग्रीस.

मग भरपूर ग्रीस लावावं असं कुणालाही वाटेल, आणि तिथेच दुसरी चूक होते. तांब्याच्या तुलनेत साधं ग्रीस उष्णता वाहायला चारशे पट निकृष्ट आहे. ते चांगलं ठरतं ते फक्त हवेपेक्षा. थर अर्धा मिलिमीटर झाला की ४७ अंश त्यातच खर्च होतात. म्हणून कसलेला माणूस ग्रीस जाळीतून छापल्यासारखं, मोजून पसरतो. पाटी आधी पुसतो, तिच्यावर ओरखडा नाही हे पाहतो, तिची सपाटी तपासतो. मॉड्यूलला आठ एम-६ स्क्रू असतात. ते एकदम आवळले तर एक कोपरा दबतो आणि समोरचा उचलला जातो. म्हणून आधी सगळे हलके, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने साधारण पाच न्यूटन-मीटरपर्यंत. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर हा जोर अडीच किलोएवढा भरतो. अडीच किलोच्या जोरावर साडेचार हजार किलोवॉट अवलंबून! हे काम करणाऱ्या फिटरचं नाव इंजिनावर कुठे लिहिलेलं नसतं. लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एकदा नीट बसवलं म्हणजे संपलं असंही नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर सिलिकॉनच्या नऊ पट फुगतं. साठ अंश चढले की १० सेंटिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी ०.१४ मिलिमीटर वाढते, सिलिकॉन ०.०१६. प्रत्येक घाटचढणीत हे ताणणं-आक्रसणं होतं. इंजिनाने रोज चार वेळा घाट चढला असं धरलं, तर तीस वर्षांत ४३,८०० वेळा. म्हणून मॉड्यूलच्या तळाला सिलिकॉन कार्बाइड मिसळलेलं ॲल्युमिनियम वापरतात, ते कमी फुगतं. उतरतानाही सुट्टी नाही. थ्री-फेज इंजिनात उतारावर मोटरी जनित्र होतात, वीज तारेत परत जाते, आणि जाताना याच चिपांमधून, याच पाटीवरून जाते.

आता ९० किलोवॉट बाहेर काढायचे आहेत. वाहणारा पदार्थ दहा अंश तापू द्यायचा ठरवला, तर हवा लागेल सेकंदाला साडेसात हजार लिटर. पाणी लागेल सेकंदाला सव्वादोन लिटरांपेक्षा कमी. घनफळाला घनफळ तोललं तर पाणी हवेपेक्षा साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. शेवटी ती हवेतच सोडायची असते, पण रेडिएटरवर, ऐसपैस जागेत, मोठ्या पंख्यांनी. जीटीओच्या इंजिनांत पाण्याऐवजी तेल फिरतं. त्याची धारणक्षमता पाण्याच्या निम्म्याहून कमी, पण ते वीजरोधक असतं. नव्या कन्व्हर्टरांत पाण्यात ग्लायकोल मिसळलेलं आढळतं.

पाणी कोणतं, हाही प्रश्न मोठाच. इथल्या डोंगरात पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही, पण ओढ्याचं पाणी पाटीत सोडलं तर क्षार साचून अरुंद वाटा तुंबतील आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जाईल. याहून कडक पथ्य भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पाळावं लागतं. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर आलेली १,५०० मेगावॉटची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची एकदिश वीज तिथे बदलली जाते. तिथले थायरिस्टर जिवंत विजेवरच बसलेले असतात आणि त्यांना थंड करणारं पाणी त्यांच्यापर्यंत जातं. अशा पाण्याने वीज वाहून चालत नाही, म्हणून ते नळाच्या पाण्यापेक्षा सुमारे हजार पट क्षारमुक्त ठेवावं लागतं.

कर्जतला गाडी थांबते, लोक वडा घ्यायला उतरतात, आणि मागे बँकर जोडले जातात. ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. पुढच्या वेळी त्या पाच-सात मिनिटांत इंजिनाजवळच्या फलाटावर उभे राहा आणि पंख्यांचा घोंघाट ऐका. कन्व्हर्टरचं तेल गार करणाऱ्या पंख्याला रेल्वेत ओसीबी म्हणतात. पंखा बंद पडला तर कन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतो किंवा बंद होतो, मग मोटरी कितीही धडधाकट असोत. घरात मुलगा किंवा मुलगी डिप्लोमाला असेल, तर त्यांना मोटरच्या आकड्यांबरोबर हा उष्णतेचा हिशोबही करायला लावा. कागद, पेन्सिल आणि वर दिलेले आकडे पुरतात.

१० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तेव्हा सोळा डबे, त्यांतल्या आठ डब्यांखाली मिळून ३२ मोटरी, आणि ताकदीबरोबर उष्णताही गाडीभर वाटलेली. ती भोर घाट बँकरशिवाय चढते.