कारखाना कुणाचा: सरकारचा, सभासदांचा की बँकेचा?

आजचा विषय साखरेचा आहे, पण थोडा कडू लागेल.

2024 चं अर्थशास्त्राचं नोबेल ॲसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादा देश पुढे जातो की मागे राहतो, हे बऱ्याच अंशी तिथल्या संस्था ठरवतात. आता संस्था म्हणजे काय? तर खेळाचे नियम, आणि ते मोडणाऱ्याला जाब विचारायची सोय. ऐकायला पुस्तकी वाटतं ना? म्हणून आपण थेट नगर जिल्ह्यातल्या लोणीला जाऊ.

भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांना पाणी होतं, ऊसही होता. पण गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराच्या दारात. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. तेव्हाच्या मुंबई सरकारनंही भागभांडवल घातलं, औद्योगिक वित्त महामंडळानं कर्ज दिलं आणि 1950 च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला. पुढे हाच नमुना राज्यभर पसरला.

आता यात सरकार किती आणि माणसं किती, ते बघा. धरण सरकारचं, कायदा सरकारचा, कर्जाला आधारही सरकारचा. पण शेअर शेतकऱ्याचा, आणि मत प्रत्येकाला एकच. मग ऊस दोन एकर असो की पन्नास. स्वतःचे पैसे अडकलेले असले की माणूस हिशेब विचारतो. माझ्या मते खरं इंजिन हेच होतं.

मग बिघडलं कुठे? अनेक कारखान्यांच्या कर्जाला सरकारची थकहमी मिळायला लागली. बुडालं तर तिजोरी भरणार, मग बँक कशाला कसून तपासेल? संचालक तरी कशाला काटकसर करतील? त्यात कारखान्याचं राजकारण आणि आमदारकीचं राजकारण एकच झालं. ज्यांनी लक्ष ठेवायचं, तेच खुर्चीत बसले. कर्जं थकली, आणि कितीतरी सहकारी कारखाने लिलावात खासगी हातात गेले. 2011 मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळही बरखास्त झालं. गंमत म्हणजे कायदा होता, संस्था होती, सरकारही होतं. हरवला होता तो जाब.

म्हणून ‘सरकार हवं की नको’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. सरकारनं पाणी, कायदा आणि सुरुवातीचं भांडवल द्यावं, पण बुडीताची जबाबदारी उचलायला लागलं की शिस्त जाते.

आता तुमच्या कामाचं. घरात उसाचे शेअर असतील, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत; उशीर झाला तर 15 टक्के व्याज मागता येतं. थकलेच, तर पुण्याच्या साखर आयुक्तांकडे वसुलीची तक्रार करता येते. दुसरं, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आजोबांच्या नावाचा अहवाल घरी आला, की रद्दीत टाकण्याआधी कर्जाचं पान तेवढं उघडा. आकडा कळला नाही तर सभेत विचारायला लावा.

तुमच्या भागातल्या कारखान्याचं काय झालं, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!