दुकानातला लिनक्स संगणक अडला तर काय करावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत बंद केली. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही, आणि नवा संगणक घ्यायचा म्हटले तर लहान दुकानदाराचा खिसा हलका होतो. त्यामुळे जुन्याच यंत्रावर लिनक्स टाकून घेणारे बरेच आहेत. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणाने ही प्रणाली सुरू केली. उबंटू, मिंट, डेबियन ही तिचीच निरनिराळी रूपे होत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाचे भारतीय रूप तयार केले आहे. यापैकी बहुतेकांना परवान्याचे पैसे पडत नाहीत.

मात्र फुकट मिळालेली वस्तू अडली की दुरुस्तीवाल्याचे बिल भरावेच लागते. त्याहून मोठे नुकसान खोळंब्याचे. जीएसटीचे विवरणपत्र भरायची शेवटची तारीख असो, ईदच्या हंगामातली गर्दी असो, नेमक्या अशा वेळी यंत्र बंद पडले तर उधारीची वहीच कुलपात अडकल्यासारखे होते. म्हणून नेहमी येणाऱ्या काही अडचणी आणि त्यांचे उपाय इथे देत आहे. हे उपाय उबंटू, मिंट व डेबियन यांना लागू आहेत. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून टाइप कराव्यात. ज्या कामाला मालकाचा अधिकार लागतो, त्या कमांडच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लावतात.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

कापडात दोष दिसला की जाणकार विणकर आधी पाहतो, दोष उभा आहे की आडवा. उभा असेल तर ताण्यात, आडवा असेल तर बाण्यात. मागाचे सगळे नट एकदम ढिले करीत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पडद्यावर आलेला संदेश पूर्ण वाचा, मोबाइलने त्याचा फोटो काढा आणि स्वतःला विचारा की काल चालत होते तर आज काय बदलले? नवा प्रिंटर जोडला? वीज गेली? अपडेट केले? एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू झाले तरी कशामुळे झाले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लिनक्स स्वतःचा रोजनामा लिहीत असते. ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ ही कमांड दिली की या वेळी यंत्र सुरू झाल्यापासूनच्या चुका समोर येतात. मागच्या वेळच्या हव्या असतील तर ‘-बी’ नंतर जागा सोडून ‘-१’ लिहावे.

पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येत नाही

पासवर्ड टाकला, क्षणभर पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचाच पडदा आला, तर पुष्कळदा डिस्क गच्च भरलेली असते. गोदामात पाय ठेवायला जागा नसेल तर हमाल गाठोडे कुठे उतरवणार? अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबा. साधा काळा पडदा येईल. तिथे नाव व पासवर्ड देऊन ‘डीएफ -एच’ ही कमांड द्या. ज्या ओळीच्या शेवटी फक्त तिरकी रेघ आहे, ती मुख्य जागा. तिथे १०० टक्के दिसले तर निदान पक्के.

जागा करण्याचे तीन सुरक्षित मार्ग आहेत. ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवून ठेवलेल्या जुन्या फायली जातात. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने बिनकामाचे जुने भाग निघतात. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ने रोजनामा आटोपशीर होतो. त्यानंतर कचरापेटी रिकामी करावी. नाव न समजणारी फाइल मात्र हाताने पुसू नये.

अपडेट चालू असताना वीज गेली

भिवंडी, मालेगावकडच्या कारखानदारांना वीज जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर काही प्रोग्राम अर्धवट बसलेले राहतात आणि पुढे काहीच बसत नाही. उपाय दोन कमांडचा आहे. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

कधी कधी ‘कुलूप मिळाले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. याचा अर्थ दुसरे एखादे अपडेट मागे गुपचूप चालू आहे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कुलपाची फाइल पुसून टाका असा सल्ला देणारे भेटतात, पण आत काम चालू असताना कुलूप तोडले तर यंत्राची प्रोग्रामची नोंदवही बिघडू शकते.

वीज गेल्यानंतर यंत्र सुरू होताना कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असा शब्द येऊन थांबले, तर डिस्कवरची मांडणी विस्कटली आहे असे समजावे. तिथे ‘एक्झिट’ टाइप केले की कोणता भाग तपासायचा त्याचे नाव दिसते. ‘एफएससीके -वाय’ लिहून पुढे तेच नाव द्यावे. तपासणी संपली की पुन्हा ‘एक्झिट’ द्यावे. चालू यंत्रातल्या वापरात असलेल्या भागावर ही कमांड कधीही देऊ नये, आहे तो मालही जाऊ शकतो. आणि हा प्रकार वारंवार होऊ लागला तर डिस्कच थकली आहे असे मानून दुरुस्तीआधी सगळा हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावा.

घड्याळ साडेपाच तास चुकते

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. कारण असे की यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून फरकही तेवढाच. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड एकदा दिली की दोघांचे एकमत होते.

वेळ दर वेळी काही वर्षे मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. तिच्यावर बहुधा २०३२ हा आकडा असतो. हा दोष क्षुल्लक समजू नये. तारीख चुकली की बिलावर चुकीची तारीख पडते, आणि बँकेचे संकेतस्थळही ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

विंडोजच्या भागातली फाइल लिनक्समध्ये उघडते पण बदलता येत नाही, ही दुसरी तक्रार. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्स सावधगिरी म्हणून त्या भागात लिहायला नकार देते.

इंटरनेट नाही, पण तुटले कुठे?

पायरी पायरीने जावे. पहिली पायरी म्हणजे ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा आकडा, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आले नाही तर दोष आपल्या तारेत किंवा वायफायमध्ये. उत्तर आले तर ‘पिंग ८.८.८.८’. इथे अडले तर दोष बहुधा राउटरच्या पुढे, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे. हेही चालते पण संकेतस्थळाचे नाव दिल्यावर उघडत नाही, तर रस्ता ठीक आहे आणि फक्त नावावरून आकडा सांगणारी डीएनएस नावाची यंत्रणा बिघडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहून पाहावे. पिंग थांबवायला कंट्रोल आणि सी दाबावे.

प्रिंटर गप्प बसतो

कागद अडकला किंवा केबल निघाली की लिनक्स त्या प्रिंटरची रांग थांबवून ठेवते. मग कागद काढला, केबल लावली, तरी छपाई होत नाही आणि लोक प्रिंटर दुकानात परत नेतात. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, मग विसर्गासारखे चिन्ह आणि ६३१ असे टाइप केले की प्रिंटरचे पान उघडते. तिथे प्रिंटर थांबलेला दिसला तर ‘रिझ्यूम’ दाबावे आणि जुनी अडकलेली कामे रद्द करावीत. बिलाचा छोटा थर्मल प्रिंटर घेताना मात्र तो लिनक्सवर चालतो का हे विकणाऱ्याकडून आधीच खात्री करून घ्यावे.

किल्ल्या कोणाकडे?

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसे असतात: मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. दुकानात गल्ल्याची किल्ली मालकाकडे, हिशेबाची वही मुनिमाकडे आणि गिऱ्हाइकाला फक्त मालाचे दर्शन, तशीच ही व्यवस्था. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे आकडे मोजतात. एखादी फाइल उघडत नाही म्हणून तिला ७७७ द्या असे सुचवणारे भेटतात. त्याचा अर्थ मालक, मुनीम आणि रस्त्यावरचा माणूस या तिघांनाही गल्ल्याची किल्ली दिली. त्याऐवजी ‘एलएस -एल’ने फाइल कोणाच्या नावावर आहे ते पाहावे आणि ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन’ लिहून पुढे योग्य नाव व फाइल द्यावी.

उबंटू किंवा मिंटमध्ये पासवर्डच विसरला तर यंत्र सुरू होताना ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘रिकव्हरी मोड’ आणि त्यात ‘रूट’ निवडावे. तिथे ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू’ आणि पुढे तिरकी रेघ देऊन, मग ‘पासडब्ल्यूडी’ व आपले वापरनाव लिहिले की नवा पासवर्ड ठेवता येतो. हे जितके सोयीचे, तितकेच धोक्याचे. जे आपल्याला जमते ते दुकानात शिरलेल्या चोरालाही जमते. म्हणून महत्त्वाचा हिशेब असेल तर लिनक्स बसवतानाच डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय निवडावा. मात्र तो पासवर्ड विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही.

मराठी, उर्दू आणि टॅली

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर ‘लोहित देवनागरी’ हा फाँट बसवावा. उर्दू मजकूर अरबी वळणात दिसतो आणि वाचायला जड जातो, त्यासाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ फाँट आहे. दोन्ही मोफत. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेली आहे. सगळा हिशेब तिच्यात असेल तर लिनक्सवर जाण्याआधी आपल्या हिशेबनीसाचा सल्ला घ्यावा.

आजच करून ठेवण्याची तीन कामे

एक, लिनक्सचा चालू पेन ड्राइव्ह बनवून गल्ल्यात ठेवावा. यंत्र सुरूच झाले नाही तरी त्यावरून संगणक चालवून आतला हिशेब बाहेर काढता येतो. दोन, दर आठवड्याला हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ‘इजेक्ट’ करूनच ती डिस्क काढावी आणि दुकानात न ठेवता घरी ठेवावी. दुकानाला आग लागली तर दोन्ही नकला एकाच जागी असून उपयोग नाही. तीन, महिन्यातून एकदा त्या नकलेतली एखादी फाइल उघडून पाहावी. उघडत नसलेली नक्कल ही नक्कलच नव्हे.

माल उधार दिला तर तो परत मागता येतो. गेलेला हिशेब कोणाकडे मागणार? एवढी तीन कामे झाली असतील, तर बाकी कोणताही बिघाड ही फक्त वेळेची बाब राहते.