ट्रंकेतले मंडळ की गावाचे मंडळ?

सीमाभागातील खेड्यांत मराठीचे प्रेम आटले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर इतकी वर्षे लोटली, तरी कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी यांसारख्या गावांनी वर्गणी काढून साहित्य संमेलने भरवली. ग्रंथदिंडीपुढे लेझीम खेळणारी मुले शेतकऱ्या-कामगारांच्याच घरची असतात.

पण याच भागात आम्हाला दुसरेही चित्र दिसते. मोठ्या उमेदीने वाचनालय उघडते, पाटी लागते, पेढे वाटले जातात आणि काही वर्षांत दाराला कुलूप पडते. चौकशी केली की कळते, अध्यक्ष वारले. पावतीपुस्तके त्यांच्या घरच्या ट्रंकेत राहिली. बँकेतले खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. ज्याने जागा तोंडी दिली होती, त्याच्या मुलांत वाटणी झाली. आता कपाट कोणाचे, पुस्तके कोणाची, याचे उत्तर देणारा एकही कागद नाही. मराठीवरील अन्यायाबद्दल आपण पोटतिडकीने बोलतो, ते योग्यच आहे. पण हे कुलूप बाहेरच्या कोणी लावलेले नसते.

राज्यघटनेच्या कलम 30 ने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व त्या चालविण्याचा हक्क दिला आहे. यातला ‘स्थापन करण्याचा’ हा शब्द आपण सभांतून घोकतो. ‘चालविण्याचा’ हा शब्द मात्र विसरतो. वाचनालय असो वा तरुण मंडळ, खरी कसोटी चालविण्यातच आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट नोंदणी. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खाली 18 वर्षांवरील किमान 7 जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. त्यासाठी उद्देशपत्र आणि नियमावली लागते. पुढे दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि कार्यकारिणीची यादी व तपासलेला हिशेब निबंधकांच्या कार्यालयात द्यायचा. नोंदणी केली आणि पुढची वर्षे कागदच दिले नाहीत, तर ते प्रमाणपत्र केवळ भिंतीवर टांगण्यापुरते उरते.

दुसरी गोष्ट नियमावलीची. ती दुसऱ्या मंडळाची उतरवून घेऊ नये. गावाने बसून ठरवावी. सभासद कोण होऊ शकतो, पदाधिकाऱ्यांची मुदत किती, सभेला किमान किती जण हवेत, मंडळ मोडले तर मालमत्ता कोणाकडे जाईल, हे भांडण होण्याआधी लिहून ठेवावे. भांडण झाल्यावर लिहिलेला नियम कोणालाच पटत नाही. खाते संस्थेच्या नावाने काढावे, पैसे दोघांच्या सहीने निघावेत. पावत्यांना अनुक्रमांक असावेत. जागा तोंडी न घेता रीतसर कागद करून संस्थेच्या नावे घ्यावी. सभेचे इतिवृत्त त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवावे. ते मराठीत असावेच. सरकारी कामासाठी त्याची कन्नड प्रतही जवळ ठेवावी. त्याने मराठीपण कमी होत नाही, काम मात्र अडत नाही.

“आपल्याच माणसांत कसला कागद? विश्वास नाही का?” हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. आमचे उत्तर असे की, विश्वास आहे म्हणूनच हिशेब हवा. आपल्याच मायबहिणींचे बचत गट पाहा. बैठकीत कोणी किती भरले, कोणी किती उचलले, ते सर्वांसमोर सांगितले जाते. त्यात कोणी अपमान मानत नाही. अशा हिशेबी बायका आणि शिकलेली तरुण मुले कार्यकारिणीत घ्यावीत. तेच चार कारभारी पिढ्यान्‌पिढ्या बसले, की गटबाजी ठरलेली.

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1848 ची. ज्यांनी ते उभारले, त्यांतले आज कोणी नाही. वाचनालय मात्र आहे. संस्था माणसांपेक्षा जास्त जगते ती अशी. तुमच्या गावातल्या मंडळाची पुढची बैठक कधी आहे? तिथे भाषणाआधी एक वही उघडा, आणि ट्रंकेतले कागद चावडीवर आणा.