छन युआनयुआन: एक गायिका आणि तिच्या माथी मारलेलं साम्राज्य

आज जायचंय चीनमध्ये, १६४० च्या आसपासच्या सूझौ शहरात. कालवे, होड्या, रेशमाचा व्यापार. आणि इथे गाणारी एक तरुण मुलगी, छन युआनयुआन. छन हे आडनाव. चीनमध्ये ते आधी येतं. तेही तिचं जन्माचं नव्हे बरं का. मूळ आडनाव शिंग. ज्या नातेवाइकांकडे वाढली त्यांचं तिला लागलं.

ती गणिका होती. आता हा शब्द ऐकून डोक्यात जे आलं ना, ते जरा बाजूला ठेवा. मिंग काळाच्या शेवटी तिथल्या नामवंत गणिका गायच्या, वाद्यं वाजवायच्या, कविता करायच्या, चित्रं काढायच्या. मोठमोठे विद्वान त्यांच्याकडे गप्पा मारायला जात. पण मान मिळायचा तो कलेला, बाईला नाही. पैसे मोजून कुणीही तिला घरी नेऊ शकायचा. गाणं-नाटक करणाऱ्यांचा दर्जा कायद्यानेच खालचा. त्यांच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसायची बंदी!

छनची खासियत कुनछ्यू, म्हणजे त्या भागातलं संगीत नाटक. बांबूच्या बासरीच्या साथीवर एकेक अक्षर इतकं लांबवायचं, इतकं घोळवायचं की लोक त्या गायकीला पाणी घालून घासलेला सूर म्हणत. गुळगुळीत, कुठे खरखर नाही.

तिचं गाणं ऐकलेल्या एकाने ते लिहून ठेवलंय. माओ श्यांग नावाचा तरुण विद्वान, साल १६४१. गंमत म्हणजे त्या दिवशी ती कुनछ्यू गात नव्हती. यीयांग ढंगाचं नाटक होतं, माओच्या मते गावठी, कर्कश. पण तिच्या गळ्यातून तेच ऐकून गडी पार विरघळला. लग्नाचं बोलणंही झालं. मग माओ वडिलांच्या बदलीच्या खटपटीत अडकला आणि १६४२ मध्ये परत आला तर पाखरू उडालेलं. म्हणजे उडालेलं कसलं, पकडून नेलेलं! सम्राटाच्या सासरच्या बड्या लोकांसाठी तिला बीजिंगला नेलं होतं. तिथून ती सेनापती वू सानग्वेकडे गेली. या सगळ्यात तिला कुणी काही विचारल्याचं दिसत नाही.

आता १६४४. एप्रिलमध्ये बंडखोर ली त्सिचंगने बीजिंग घेतलं. सम्राटाने गळफास लावून घेतला. वू सानग्वे तेव्हा चीनच्या भिंतीच्या पूर्व टोकाला, शानहाय खिंडीवर. पुढे मांचू, मागे बंडखोर. त्याने मांचूंना मदत मागितली, खिंड उघडली, मे महिन्यात लीचा पराभव झाला. आणि मांचू जे आत आले ते १९१२ पर्यंत राज्य करून गेले.

का उघडली खिंड? लोकप्रिय उत्तर: लीच्या सरदाराने छनला पळवलं म्हणून चिडून. हे उत्तर घरोघरी पोचवलं वू वेइये या कवीने. तिच्या नावावर त्याने एक लांबलचक कविता लिहिली. त्यात टोमणा खरं तर सेनापतीला होता. पण लोकांच्या लक्षात राहिली ती बाई.

मला हे काही पटत नाही. बंडखोर बीजिंगमध्ये अधिकाऱ्यांचे हाल करून पैसा उकळत होते. वूचे वडील त्यांच्या ताब्यात होते आणि शेवटी कुटुंबासकट मारले गेले. दोन फौजांच्या मधे अडकलेल्या माणसाला हिशेब करायला एवढी कारणं पुरेशी नाहीत? पण प्रेमकथा जास्त खपते.

पुढे वूला युन्नान प्रांत मिळाला, आणि छन त्याच्याबरोबर तिकडे गेल्याचं सांगतात. १६७३ मध्ये त्याने मांचूंविरुद्धच बंड केलं, १६७८ मध्ये तो वारला, १६८१ मध्ये कुनमिंग शहर पडलं. छनचं काय झालं? कुणी म्हणतं ती संन्यासिनी झाली, कुणी म्हणतं कमळाच्या तळ्यात जीव दिला.

कुनछ्यू मात्र आजही गातात. २००१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरवलंय. हा एपिसोड संपला की फोनवर शोधा, हेडफोन लावा. पहिली पाच मिनिटं 'हे काय चाललंय' असं वाटेल. थांबा तरीही. बासरीवर कान ठेवा, मग आवाज आपोआप सापडतो.