राजपुरुषांचें आरोग्य आणि गहाळ झालेली एक रुग्णपत्रिका

(१) राजाचें दुखणें हें राज्याचें गुपित होय, ही समजूत फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यांतील पांचव्या अधिकरणाचा सहावा अध्याय अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. राजाच्या जिवाची आशा राहिली नाहीं म्हणजे अमात्यानें काय करावें, याचा विधि तेथें सांगितला आहे. राजाचें दर्शन महिन्यादोन महिन्यांतून एकदांच घडूं द्यावें. देशपीडेचें निवारण, शत्रूचा नाश, दीर्घायुष्य किंवा पुत्रप्राप्ति यांसाठीं महाराज अनुष्ठानास बसले आहेत, असें सांगावें. आणि प्रसंग पडल्यास राजवेष दिलेला दुसरा पुरुष प्रजेस व परराज्यांच्या दूतांस योग्य वेळीं दाखवावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. कौटिल्याची दृष्टि राज्यरक्षणाची आहे. गादी डळमळली असें कळतांच शेजारी चालून येतात व भाऊबंद उठतात, हें तो जाणून होता.

(२) आपल्याकडील दप्तरें चाळणाऱ्यांस याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. गुपित राखणें हें अमात्याचें काम, तर तें फोडणें हें परदरबारच्या वकिलाचें काम. थोरले माधवराव पेशवे क्षयाच्या व्यथेनें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें निवर्तले, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. अशा धन्याच्या प्रकृतीच्या चढउताराबरोबर कारस्थानेंही चढत-उतरत असत. तथापि त्या काळीं प्रजेला फसविलें असें म्हणतां येत नाहीं. कारण धनी कोण असावा हें प्रजेस कोणी विचारलेलेंच नव्हतें. जेथें लोकांस विचारलें जातें, ज्या राज्यांत पुरुष स्वतः लोकांपुढें येऊन चार वर्षांचा अधिकार मागतो, तेथें कौटिल्याचा हा विधि लागू पडतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. उत्तर शोधण्यास अमेरिकेंतील १९४४ सालच्या निवडणुकीएवढें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं; कारण तेथें एकाच काळचे, एकाच रोग्याविषयींचे, परस्परविरुद्ध असे दोन प्रकारचे कागद आपणांस पडताळून पाहतां येतात.

(३) फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालच्या आजारानें लुळे झाले होते. पुढें ते न्यूयॉर्क प्रांताचे गव्हर्नर असतांना अध्यक्षपदासाठीं त्यांचें नांव घेतलें जाऊं लागलें, तेव्हां लंगडा मनुष्य हें ओझें पेलूं शकेल काय, अशी कुजबूज सुरू झाली. तिला उत्तर म्हणून तीन तज्ज्ञ डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करविण्यांत आली, आणि ते पदास समर्थ आहेत असा निर्वाळा जुलै १९३१ मध्यें ‘लिबर्टी’ नांवाच्या साप्ताहिकांतील लेखांत छापून आला. लेखक व उमेदवार यांनीं हा घाट संगनमतानें घातला होता, हें पुढें उघडकीस आलें. तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रकृतीविषयीं विचारण्याचा मतदारांस अधिकार आहे, हें त्या वेळीं उमेदवारानें आपल्या कृतीनें मान्य केलें होतें.

(४) यानंतर तेरा वर्षांनीं काय घडलें तें पाहूं. मार्च १९४४ च्या अखेरीस बेथेस्डा येथील आरमारी रुग्णालयांत डॉ. हॉवर्ड ब्रून या हृद्रोगतज्ज्ञानें अध्यक्षांस तपासलें. ब्रून हे आरमारांतील कनिष्ठ दर्जाचे अधिकारी होते. त्यांना हृदय वाढलेलें आढळलें, श्वास लागत असलेला दिसला, आणि रक्ताचा दाब १८६ व १०८ भरला. जुन्या नोंदींत १९३५ सालीं हाच दाब १३६ व ७८, १९३७ सालीं १६२ व ९८, आणि फेब्रुवारी १९४१ मध्यें १८८ व १०५ असा होता. म्हणजे दुखणें अकस्मात् उद्भवलेलें नसून वर्षानुवर्षें वाढत आलें होतें. रक्तदाबाचा विकार, त्यामुळें जडलेला हृद्रोग, आणि हृदयाची क्रिया क्षीण होणें, असें निदान ब्रून यांनीं केलें. डिजिटॅलिस हें औषध सुरू झालें, सिगारेटी कमी करविल्या, आणि एप्रिलांत रोग्यास दक्षिण कॅरोलिनांत एका मित्राच्या जहागिरीवर सुमारें चार आठवडे विश्रांतीस नेण्यांत आलें. त्या काळीं रक्तदाब उतरविणारें खात्रीचें औषध उपलब्ध नव्हतें. म्हणून या आंकड्यांचा अर्थ जाणत्यास वेगळा सांगावा लागत नव्हता.

(५) आतां याच सुमाराचा दुसरा कागद पाहूं. अध्यक्षांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे आरमाराच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य असून स्वतः कान, नाक व घसा यांच्या रोगांचे तज्ज्ञ होते. एप्रिलच्या आरंभीं त्यांनीं वृत्तपत्रांस सांगितलें कीं, बासष्ट वर्षांच्या गृहस्थाच्या मानानें प्रकृति समाधानकारक आहे. पडशाखोकल्याचा अवशेष तेवढा राहिला आहे. निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्यें, त्यांनीं पुन्हा तशीच ग्वाही दिली. ब्रून यांस मुखस्तंभ राहण्याची आज्ञा होती. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, आपणांस काय झालें आहे व हें औषध कशाचें, असा प्रश्न रोग्यानेंही त्यांस कधीं विचारला नाहीं. ज्यास सत्य जाणावयाचें नाहीं तो तें झांकतो असें म्हणावें कीं न म्हणावें, हा नीतिशास्त्राचा बारीक प्रश्न वाचकांवरच सोंपवितों.

(६) तिसरा कागद यांहून बोलका आहे. बॉस्टन येथील प्रख्यात शस्त्रवैद्य डॉ. फ्रँक लेही यांसही सल्ल्यासाठीं बोलाविलें होतें. १० जुलै १९४४ रोजीं त्यांनीं एक टिपण लिहून बंदोबस्तानें ठेवविलें. अध्यक्ष पुन्हा निवडून आले तर कारकीर्द पुरी करण्याइतकी शक्ति त्यांच्या अंगीं राहील असें मला वाटत नाहीं, हें मीं मॅकिंटायर यांस सांगितलें आहे, असा त्याचा भावार्थ. लगेच दुसऱ्या दिवशीं, ११ जुलैस, आपण उमेदवारी स्वीकारूं असें रूझवेल्ट यांनीं जाहीर केलें. हें टिपण न्यायालयांतील तंटा होऊन, कित्येक दशकांनंतर लोकांपुढें आलें. मतदानाचे वेळीं तें मतदारांपुढें असतें तर निकाल फिरला असता किंवा नसता, हें सांगणें व्यर्थ आहे. पण तें त्यांच्यापुढें नव्हतें, एवढें निश्चित.

(७) पुढील हकीकत थोडक्यांत अशी. १२ ऑगस्ट रोजीं ब्रेमर्टन येथें भाषण करीत असतांनाच अध्यक्षांच्या छातींत कळ आली. ऐकणाऱ्यांस तिचा पत्ता लागला नाहीं. २१ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कमध्यें भर पावसांत उघड्या मोटारींतून त्यांची मिरवणूक निघाली. प्रकृतीविषयींच्या शंकांना तें प्रत्यक्ष उत्तर होतें. वेषांतर केलेला पुरुष न दाखवितां खुद्द रोगीच वेषांतर करून दाखविला, असें म्हणावेंसें वाटतें. ७ नोव्हेंबर रोजीं थॉमस ड्युई यांच्या ९९ मतांविरुद्ध ४३२ निर्वाचक-मतांनीं ते निवडून आले. २० जानेवारी १९४५ रोजीं शपथ झाली, फेब्रुवारींत याल्टा येथील परिषद झाली, आणि १२ एप्रिल रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. चार वर्षांसाठीं मागितलेला अधिकार ब्यायशी दिवस टिकला. उरलेलीं पावणेचार वर्षें ज्या हॅरी ट्रुमन यांच्या हातीं गेलीं, त्यांस अणुबाँबविषयींची समग्र माहिती २५ एप्रिलपर्यंत मिळालेली नव्हती. गुपिताचें मोल कोणास द्यावें लागतें, तें यावरून दिसून येईल.

(८) आतां संग्राहकांच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट. अध्यक्षांची मूळ रुग्णपत्रिका, म्हणजे तपासणी, निदान व उपचार यांची समग्र नोंद, बेथेस्डा येथील तिजोरींत ठेवलेली असे. मृत्यूनंतर ती तेथें मिळाली नाहीं, आणि आजतागायत मिळालेली नाहीं. शवचिकित्साही झाली नाहीं. मॅकिंटायर यांनीं १९४६ सालीं आपलें पुस्तक छापून पूर्वीचाच पक्ष राखला, आणि १९५९ सालीं ते वारले. मग आपणांस वरील आंकडे कोठून कळले? ब्रून यांनीं स्वतःपुरतीं टिपणें ठेवलीं होतीं. रूझवेल्ट यांच्या कन्येच्या उत्तेजनानें त्यांनीं तीं एप्रिल १९७० मध्यें एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केलीं. अस्सल गेलें, पण टांचण राहिलें. मॅकिंटायर यांचें निवेदन वाचकांसाठीं लिहिलेलें होतें, ब्रून यांचें टिपण औषधाची मात्रा ठरविण्यासाठीं. जो कागद कोणाचें मन वळविण्यास लिहिलेला नसतो त्याचें प्रामाण्य अधिक, हा आपला नेहमींचा दंडक येथेंही खरा ठरतो.

(९) प्रतिपक्षाचें म्हणणेंही नोंदविलें पाहिजे. एक तर तो काळ महायुद्धाचा होता. दुसरें, अध्यक्षांची बुद्धि शेवटपर्यंत स्वच्छ होती, अशी साक्ष खुद्द ब्रून यांनींच दिली आहे. तिसरें, दुखणें उघड करणाऱ्यास लोक न्यायानें वागवितातच असें नाहीं. १९७२ सालीं उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगल्टन यांनीं पूर्वीं मनोविकारासाठीं विजेचे उपचार घेतल्याचें बाहेर येतांच, उमेदवारी मिळाल्यापासून अठरा दिवसांतच त्यांस माघार घ्यावी लागली. हीं तीनही म्हणणीं वजनदार आहेत. परंतु त्यांनीं सिद्ध होतें तें इतकेंच कीं, रोगी मनुष्यही राज्य करण्यास योग्य असूं शकतो. तो योग्य आहे हें ठरवावयाचें कोणी, या प्रश्नाचें उत्तर त्यांत नाहीं. डॉक्टर व चारदोन मुत्सद्दी यांनीं तें परस्पर ठरविलें, आणि मतदारानें न वाचलेल्या कागदावर सही केली. १९६७ सालीं अमेरिकेच्या घटनेस पंचविसावी दुरुस्ती जोडून असमर्थ अध्यक्षाच्या जागीं कोण यावें याची वाट आंखून दिली. तथापि उमेदवारानें रुग्णपत्रिका उघड करावी असा कायदा तेथें नाहीं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयानंतर उमेदवारास फौजदारी प्रकरणें, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. प्रकृतीचा रकाना त्यांत नाहीं.

(१०) शेवटीं एक स्वतःचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याचे दोन रुमाल पाहण्याचा योग आला. यादींत ‘वैद्याचे कागद’ अशी नोंद होती, पण पुडकें रिकामें. घरच्या वृद्ध गृहस्थांस विचारतां ते म्हणाले, “आजोबांच्या दुखण्याचे कागद होते. चारचौघांनीं काय म्हणून वाचावे? मीं बंबांत घातले.” माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनीं विचारलें, “गुरुजी, तुमच्या आजोबांचे तुम्हीं दाखविले असते काय?” त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आज देतों. माझे आजोबा भिक्षुक होते. त्यांचा दमा त्यांच्यापाशीं. या गृहस्थांचे आजोबा एका संस्थानचे कारभारी होते. अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्या नांवें निघालेल्या सनदांवर शिक्का उठविणारा हात कोणाचा होता, हा वादाचा मुद्दा आहे, आणि त्याचें उत्तर त्या पुडक्यांत असण्याचा संभव होता. जितका अधिकार लोकांवर चालविला, तितकें दुखणें लोकांचें. त्याच्या पलीकडचें सर्व घरचें. यापरतें सूक्ष्म माप मला सांपडलें नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंती आहे कीं, दप्तर हातीं आल्यावर वैद्याच्या चिठ्ठ्या, काढ्यांच्या यादी, पथ्याचीं टिपणें व औषधखर्चाचे कागद क्षुल्लक समजून वेगळे काढूं नयेत. घराण्यास संकोच वाटत असेल तर लखोट्यावर मोहोर करून, अमुक वर्षांनीं उघडावा असें लिहून ठेवावें. उशिरां कां होईना, मोहोर फोडतां येते. राख वाचतां येत नाहीं.